बाहेर काढण्याची सही कोणाची?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातली आणि कामाच्या ठिकाणची अडगळ कमी करण्याविषयी एक लेख आला होता. वर्षभरात जी वस्तू एकदाही हाताला लागली नाही ती मागचा पुढचा विचार न करता काढून टाका, असा त्यातला मुख्य सल्ला. लेखिकेची तळमळ खरी आहे, पण हा सल्ला मला पटला नाही आणि तो तसाच्या तसा कोणी पाळू नये असं वाटतं, म्हणून हे पत्र. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या भांडार विभागात मी ३१ वर्षं काम केलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं विभागप्रमुख म्हणून. कुठली वस्तू ठेवायची आणि कुठली काढायची, हाच माझा रोजचा व्यवसाय होता.

भांडारात मालाची एक वर्गवारी असते. वेगाने जाणारा, संथ जाणारा आणि न हलणारा. दोन वर्षांत एकही मागणी आली नाही की तो माल आमच्याकडे न हलणाऱ्यांच्या यादीत जायचा. वर्षाचा नियम म्हणजे या यादीचंच घरगुती रूप. पण नुसत्या या यादीवरून आम्ही कधीही काही भंगारात काढलं नाही. कारण शेजारी दुसरी वर्गवारी असायची: ही वस्तू ऐन वेळी नसेल तर काय थांबेल? धातूच्या भागातली भोकं कातून मापात आणणाऱ्या आमच्या मोठ्या बोअरिंग मशीनच्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, अकरा वर्षं फडताळावर पडून होता. गंज लागू नये म्हणून दर सहा महिन्यांनी तो काढायचा, पुसायचा, तेल लावून कागदात गुंडाळून परत ठेवायचा. बाराव्या वर्षी एका रात्रपाळीत चालू शाफ्ट तुटला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन पुन्हा सुरू झालं. नवा शाफ्ट मागवला असता तर यायला सात महिने लागले असते.

घरातलं अग्निशामक नळकांडं वर्षभरात कोणी वापरलेलं नसावं, अशीच आपली इच्छा असते. जुने तपासणी अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद, विजेरी, या सगळ्यांना वर्षाचा नियम लावला तर घर मोकळं होईल आणि नेमक्या वेळी हात रिकामे राहतील. शेवटचं कधी वापरलं हा प्रश्न विचारायला सोपा आहे एवढंच. त्याहून उपयोगी प्रश्न असा, की लागली आणि नसली तर नुकसान किती, आणि दुसरी मिळायला वेळ किती?

मात्र ठेवायची ठरलेली वस्तूसुद्धा ठेवून देता येत नाही, ती सांभाळावी लागते. हे मी एका रबरी कड्यामुळे शिकले. नायट्राईल रबराची कडी, ज्यांना आम्ही ओ-रिंग म्हणतो, ती वापरात नसतानाही म्हातारी होतात. ऊन आणि उष्णतेने ती कडक होतात, आणि विजेच्या मोटारींजवळ तयार होणारा ओझोन त्यांना तडे पाडतो. रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात या रबराची सुरुवातीची साठवण मुदत ७ वर्षं धरली आहे. आमच्याकडे एका खणात पुढे नवी पाकिटं आणि मागे जुनी, असं होत गेलं. पुढचं उचलायचं, मागचं तसंच राहायचं. एका सुट्टीच्या दिवशी घाईत मागचं पाकीट हाताला लागलं, कडं बसवलं गेलं आणि तासाभरात पंप गळायला लागला. कोणाला इजा झाली नाही, पण खणाच्या मागच्या बाजूला काय आहे हे पाहणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक पाकिटावर तारीख मोठ्या अक्षरात आणि जुनं पुढे, नवं मागे, हा नियम मी कधी मोडू दिला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहितेय तिच्याकडे येते. आमच्या भांडारात ४१२ यांत्रिक सील होती, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतून गळती होऊ नये म्हणून बसवायचे भाग. ज्या पंपासाठी ती घेतली ते मॉडेल बंद झालेलं. दर वर्षी साठा मोजणीच्या वेळी दोन माणसं शिडी लावून वर चढायची, खोकी खाली घ्यायची, ४१२ मोजायची, बिन कार्डावर, म्हणजे त्या मालाच्या नोंदपत्रावर, आकडा लिहायची, मी सही करायची आणि खोकी परत वर जायची. असं आम्ही चौदा वर्षं केलं. ती नको आहेत याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. उत्पादन विभाग म्हणायचा, खरेदी विभागाने ठरवावं. खरेदी म्हणायचा, हिशेब विभागाची परवानगी आणा. हिशेब विभागाची अडचण अशी, की माल निर्लेखित केला, म्हणजे हिशेबातून कायमचा काढला, तर त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात तेवढा तोटा दिसणार आणि तो आपल्या वर्षात दिसावा असं कुठल्याच साहेबांना वाटत नव्हतं.

खरं तर तोटा मॉडेल बंद झालं त्याच वर्षी होऊन गेला होता, राहिली होती ती नोंद. आयएएस २ हे आंतरराष्ट्रीय हिशेब मानक सांगतं, की साठा त्याच्या खर्चाच्या किंवा विकून निव्वळ हाती येणाऱ्या रकमेच्या, यांपैकी जी कमी असेल त्या रकमेने दाखवावा. म्हणजे नको झालेला माल जुन्या किमतीने मिरवत ठेवणं मुळातच चूक. पण हे मानक फाईलमध्ये होतं आणि सील वरच्या फडताळावर.

त्या चौदा वर्षांत मला एक गोष्ट दिसली. वस्तू आत येताना तिच्यावर चार जणांच्या सह्या असतात. मागणी करणाऱ्याची, मंजुरी देणाऱ्याची, तपासणाऱ्याची, ताब्यात घेणाऱ्याची. तीच वस्तू नको झाली की तिच्या जाण्यावर सही करायला कोणीच बांधील नसतं. जागा अपुरी पडते, माणसं आळशी असतात, ही कारणं मला दुय्यम वाटतात. वस्तू राहतात कारण त्यांच्या जाण्याचा निर्णय कोणाच्याच नावावर नसतो.

याचा पडताळा आम्हाला लाल चिठ्ठ्यांच्या वेळी आला. जपानी कारखान्यांतून आलेली पाच पायऱ्यांची पद्धत अनेकांना ठाऊक असेल. तिची पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे हवं आणि नको वेगळं करणं. संशयास्पद वस्तूला लाल चिठ्ठी लावायची, एका वेगळ्या जागी ठेवायची, ठरावीक दिवस वाट पाहायची आणि कोणी मागितली नाही तर तिची विल्हेवाट लावायची. आम्ही पहिल्यांदा ही मोहीम केली तेव्हा तीनशेच्या आसपास चिठ्ठ्या लावल्या. महिन्याने जवळपास सगळा माल पुन्हा फडताळांवर! प्रत्येक विभागाने ‘असू द्या, लागेल’ एवढंच म्हटलं होतं आणि आमच्या चिठ्ठीवर तेवढं पुरत होतं. दुसऱ्या वर्षी मी चिठ्ठी बदलून घेतली. ठेवायचं असेल तर कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ठेवा म्हणणाऱ्याचं नाव, अशा तीन ओळी वाढवल्या. तीच माणसं, तोच माल. या खेपेला दहातल्या सात वस्तू कोणी मागितल्या नाहीत. ४१२ सीलही त्यात गेली. त्यांतली धातूची अंगं वितळवायला गेली. फडताळ रिकामं झालं त्या दिवशी मोजणीवाल्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात.

माणसाला आपल्याजवळचं सोडवत नाही, यात त्याचा दोष नाही. काहनेमन, नेट्श आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. वर्गातल्या अर्ध्या लोकांना कॉफीचे साधे मग देऊन टाकले आणि बाजार मांडला. ज्यांना मग मिळाले होते ते विकायला जी किंमत मागत होते, ती ज्यांना मिळाले नव्हते ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. ते मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! तर चौदा वर्षं मोजलेल्या सीलचं काय सांगावं. म्हणून ‘मोह सोडा’ असा उपदेश मला कामाचा वाटत नाही. नाव आणि तारीख लिहायला लावली की मोह असूनही निर्णय होतो.

काही नकोशा गोष्टींना वजनही नसतं, त्यामुळे त्या दिसतच नाहीत. ६२०५ क्रमांकाचं बॉल बेअरिंग, आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, आमच्या संगणकात चार वेगवेगळ्या नावांनी नोंदवलेलं होतं. कोणी आधी क्रमांक लिहिला, कोणी आधी ‘बेअरिंग’ लिहिलं, कोणी माप लिहिलं, कोणी यंत्राचं नाव. चार नावं म्हणून चार कोड, चार खण आणि प्रत्येकाची वेगळी किमान पातळी. एका खणात चाळीस पडून असताना दुसऱ्या कोडची पातळी खाली गेली की संगणक नवी खरेदी सुचवायचा आणि आम्ही करायचो. इथे बेअरिंग नको नव्हतं, तीन कोड नको होते. ते काढायलाही काळजी लागली. काही बेअरिंगना बाजूला पत्र्याचं झाकण असतं, काहींना रबराचं, काही उघडी असतात, ती एकमेकांत मिसळून चालत नाही. जुन्या कोडवरचा खरेदीचा इतिहास नव्याशी जोडावा लागला. तीन कोड बंद करायला आम्हाला पाच आठवडे लागले आणि ते पाच आठवडे सार्थकी लागले असं मी आजही म्हणेन.

आणखी वर गेलं की अख्खं उत्पादनच नको असलेलं निघतं. आमचं एक छोटं मॉडेल वर्षाला तीन-चार विकलं जायचं. त्याच्यासाठी भांडारात साठ सुटे भाग ठेवावे लागत. फडताळावरची अडगळ काढताना ती कुठून येते ते पाहिलं पाहिजे, आणि ती बहुधा असल्या मॉडेलमधून येते. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर कंपन्यांना एक प्रश्न विचारायला सांगत. आज आपण हे करत नसतो, तर आता जे ठाऊक आहे ते धरून, ते नव्याने सुरू केलं असतं का? हा प्रश्न आमच्या बैठकीत एका तरुण अभियंत्याने विचारला आणि खोलीत शांतता झाली. मॉडेल पुढच्या वर्षी बंद झालं. पण कसं, तेही महत्त्वाचं. ज्यांच्याकडे ते पंप होते त्यांना आधी पत्रं गेली, शेवटची मागणी नोंदवायची तारीख कळवली, किती वर्षं सुटे भाग मिळतील ते लिहून दिलं. ती वर्षं संपेपर्यंत काही भाग आम्ही मुद्दाम ठेवले. प्रत्येक खणावर संपण्याची तारीख होती, त्यामुळे ती अडगळ नव्हती.

आता ‘टाकलं’ या शब्दाविषयी. घातक कचऱ्याच्या एका प्रशिक्षणात मी खियन सी या जहाजाची हकिकत ऐकली आणि ती माझ्या मनातून गेली नाही. १९८६ मध्ये हे जहाज अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्टीतली सुमारे १४ हजार टन राख घेऊन निघालं. बहामाने ती उतरवू दिली नाही. मग एकेक देश नकार देत गेला. १९८८ च्या सुरुवातीला सुमारे ४ हजार टन राख खत म्हणून हैतीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. उरलेली घेऊन जहाज नावं बदलत फिरत राहिलं, आणि त्याच वर्षी सिंगापूरला पोचलं तेव्हा ते रिकामं होतं. राख समुद्रात गेली होती. हैतीतली राख तिथून हलवायला २००० साल उजाडलं आणि २००२ मध्ये ती शेवटी पेनसिल्व्हेनियात, म्हणजे जिथून निघाली त्याच राज्यात पुरली गेली. १९८९ मध्ये घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीविषयी बाझल करार झाला, त्याच्यामागे अशीच प्रकरणं होती. त्या करारात अशी अट आहे की कचरा ताब्यात घेणाऱ्या प्रत्येकाने, देताना किंवा घेताना, सोबतच्या कागदावर सही करायची. हे ऐकलं तेव्हा मला माझं भांडार आठवलं. प्रश्न तोच आणि उत्तरही तेच.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला केवळ २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर पुनर्वापराकडे गेला. उरलेल्यावर कोणाची सही होती?

हे सगळं मला घरात नव्याने करावं लागलं. माझे यजमान गेल्या वर्षी वारले. दीर्घ आजार होता. त्यांच्या पलंगाशेजारच्या कप्प्यात औषधं होती, काही न उघडलेली. महागाची औषधं टाकवत नाहीत, कोणाला तरी द्यावीत असं सगळे सांगत होते. मी दिली नाहीत. एकासाठी ठरवलेली मात्रा दुसऱ्याला बाधू शकते. नाल्यात किंवा शौचालयात ओतायचीही नव्हती, कारण ती पाण्यात उतरतात. काही मोजक्या तीव्र औषधांच्या वेष्टणावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तसं करायचं. औषधं परत घेण्याची सोय असेल तिथे देणं सगळ्यात चांगलं. नसेल तर गोळ्या मातीत कालवून घट्ट बंद पिशवीत घालायच्या आणि डबीवरचं नाव खोडायचं. इंजेक्शनच्या सुया जाड, न भोसकणाऱ्या डब्यात झाकण पक्कं करून ठेवायच्या, कारण त्या पिशवीपर्यंत पोचणारा पुढचा हात कचरा वेचणाऱ्याचा असतो. त्या दिवशी मी दोन तास त्या कप्प्याजवळ बसले होते. प्रत्येक डबीवरची तारीख मला ओळखीची होती.

त्यांचे तीन जुने फोन आणि एक संगणक होता. फाईल पुसली म्हणजे ती गेली असं नसतं, बहुतेक वेळा तिच्या जागेची नोंद तेवढी जाते आणि मजकूर बराच काळ तिथेच असतो. माझ्या भाच्याने फोनमधली माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असल्याची खात्री करून मगच ते मूळ स्थितीला नेले, संगणकाच्या जुन्या हार्डडिस्कवर सगळीकडे नवा मजकूर लिहून जुना पुसून घेतला. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या दिल्या. लिथियमची बॅटरी नेहमीच्या कचऱ्यात गेली आणि गाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. आपल्या घरातून गेलेल्या वस्तूमुळे कोणाचं अंग भाजावं, हे मला सहन झालं नसतं.

संपादक महोदय, पुढच्या वेळी या विषयावर काही छापाल तेव्हा कृपया वर्षाच्या नियमाबरोबर हेही छापा, की वस्तू दाराबाहेर गेल्यावर कोणाच्या हातात पडते. आणि कंपन्यांतल्या वाचकांना सांगा, की एखादी वस्तू, अर्ज, अहवाल किंवा कोड सुरू करतानाच त्या कागदावर तो कधी तपासायचा आणि बंद करण्याचा अधिकार कोणाचा, याची एक ओळ ठेवा. मी निवृत्त होण्यापूर्वी आमच्या मागणीपत्रात ही ओळ घालून घेतली. ती अजून आहे, असं तिथले सहकारी सांगतात.

यजमानांना घड्याळं दुरुस्त करायचा छंद होता. त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. तीत बारीक चिमटे, भिंग, नखाएवढे स्क्रू ड्रायव्हर आणि कुठकुठल्या घड्याळांची चाकं आहेत. घड्याळ दुरुस्ती शिकणाऱ्या एका मुलाला ती हवी आहे. मी पेटीला लाल चिठ्ठी लावली आहे. ठेवण्याचं कारण या ओळीत अजून काही लिहिलेलं नाही. नाव माझं आहे आणि तारीख पुढच्या महिन्याची पंधरा.

आपली नम्र,
एक निवृत्त भांडारप्रमुख